क्रोशाची सुई आणि फावला वेळ

गेल्या वैशाखांत आमच्या दिवंगत आत्याबाईंची पत्र्याची पेटी उघडण्याचा प्रसंग आला. अशा पेटींत जें निघावयाचें तेंच तींत निघालें: एक जरीकांठी लुगडें, दोन पोथ्या, कांहीं जुनीं पत्रें, आणि सर्वांत तळाशीं, धोतराच्या फडक्यांत बांधलेले, क्रोशानें विणलेले पांढऱ्या दोऱ्याचे चौदा रुमाल. कांहीं ताटावर घालावयाचे, कांहीं पाण्याच्या तांब्यावरचे, कडेनें मणी ओंवलेले. शेजारीं क्रोशाच्या दोन सुया व एक अरुंद वही. रुमाल आमच्या चांगल्या परिचयाचे होते. आमच्या लहानपणीं घरांत सपाट म्हणून जी जागा असे तिच्यावर आत्याबाईंचा रुमाल पसरलेला असावयाचाच. रेडिओही त्यांतून सुटला नव्हता. “आत्या, एवढें कशाला विणतेस?” असें विचारलें कीं त्यांचें उत्तर ठरलेलें असे: “अरे, दुपारीं डोळा लागत नाहीं, तेवढाच हात चालतो.”

हें उत्तर आम्हीं पुष्कळ वर्षें खरें मानलें. इतिहास शिकविण्यांत पंचवीस-तीस वर्षें घालविलेल्या माणसानें कोणत्याही साक्षीदाराचा जबाब पारखून घ्यावा हें खरें. पण घरच्या साक्षीदाराची उलटतपासणी कोण करतो? त्या वहीनें मात्र आम्हांस ती करावयास लाविली. वहीकडे आम्ही शेवटीं येऊं. आधीं या सुईचा इतिहास थोडा पाहिला पाहिजे, कारण आत्याबाईंनीं दिलेला जबाब त्यांच्या एकट्यांचा नव्हता.

‘क्रोशे’ हा शब्द फ्रेंच असून त्याचा अर्थ लहानसा आंकडा. दोन सुयांवरच्या विणकामांत टांक्यांची अख्खी रांग सुईवर उघडी असते; क्रोशांत एका वेळीं बहुधा एकच फांस जिवंत असतो, बाकीचें सारें पुरें बांधलेलें असतें. म्हणून हें काम मध्येंच टाकून चुलीवरचें दूध उतरावें, रडतें मूल घ्यावें, आणि परत येऊन त्याच फांसांत सुई घालावी. कांहीं उसवत नाहीं. वाचकांस ही बाब क्षुल्लक वाटेल. आमच्या मतें या कलेचा पुढला सारा इतिहास या एका सोयींतून निघालेला आहे.

ही कला फार प्राचीन आहे, असें लिहिण्याची हौस पुष्कळांस असते. पुरावा मात्र तसें बोलत नाहीं. ‘क्रोशे’ हें नांव घालून छापलेली, हातीं लागलेली पहिली कृति ‘पेनेलोपे’ नांवाच्या एका डच मासिकांतली, 1823 सालची. तींत रेशमी दोऱ्याच्या बटव्यांचे नमुने आहेत. त्याआधीं स्कॉटलंडांतील एलिझाबेथ ग्रँट या बाईच्या आठवणींत 1812 च्या हकीकतींत ‘मेंढपाळी विणकाम’ असा उल्लेख येतो. पण त्या आठवणी बाईंनीं लिहून काढल्या 1845 नंतर आणि छापल्या गेल्या 1898 सालीं. तेव्हां तो पुरावा किती जुना धरावयाचा, हें ज्याचें त्यानें ठरवावें. दुसरा एक धागा आम्हां हिंदी लोकांस अधिक जवळचा आहे. ताणलेल्या कापडांतून आंकडीदार सुईनें दोरा वर ओढून साखळी टांका घालण्याची ‘आरी’ची पद्धति आपल्याकडे जुनी, कच्छचे मोची चामड्यावर व रेशमावर ती वापरीत. अशाच तऱ्हेचें भरतकाम पूर्वेकडून अठराव्या शतकांत युरोपांत गेलें. पुढें कोणीं तरी खालचें कापड काढून टाकलें व साखळी नुसती हवेंत घातली, तोच क्रोशा, असें कांहीं अभ्यासकांचें मत आहे. मत आकर्षक आहे. तें सिद्ध झालें आहे असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं.

येथपर्यंतचा क्रोशा हा सुखवस्तु घरांतील बटव्यांचा व झालरींचा क्रोशा. त्याला पोटाशीं नेऊन बांधलें तें आयर्लंडांतील दुष्काळानें. 1845 सालीं तेथील बटाट्याच्या पिकावर रोग पडला, व पुढें कांहीं वर्षें तो हटला नाहीं. गरीब शेतकऱ्याचें अन्न म्हणजे बटाटा. तो नासला तेव्हां दुसरें कांहीं उरलें नाहीं. 1841 च्या शिरगणतींत सुमारें 82 लक्ष असलेली लोकसंख्या 1851 सालीं सुमारें 65 लक्षांवर आली. जवळजवळ दहा लक्ष माणसें उपासमारीनें व तापानें मेलीं, तितकींच किंबहुना अधिक देश सोडून गेलीं. अशा वेळीं कॉर्कजवळ ब्लॅकरॉक येथील अर्सुलाईन पंथाच्या जोगिणींनीं मुलींच्या हातीं क्रोशाची सुई दिली. उत्तरेकडे मोनॅहन परगण्यांतील क्लोन्स गांवीं तेथील धर्मगुरूंची पत्नी कॅसांड्रा हँड हिनें 1847 सालीं हेंच काम सुरू केलें. माग नको, शाळेंत वर्षें घालविणें नको. दोऱ्याचा गुंडा व एक आंकडी एवढें भांडवल. ज्यांना विकतची सुई परवडेना त्यांनीं साधी सुई वाकवून ती बुचाच्या मुठींत बसविली.

काम मात्र साधें राहिलें नाहीं. व्हेनिसच्या सुईकामाची जी महागडी उठावदार लेस युरोपांतील धनिक वापरीत, तिचें रूप या बायकांनीं क्रोशांत उतरविलें. जाड दोऱ्यावरून टांके घालून गुलाब, द्राक्षांचे घोंस, आयरिश तीनपानी गवत असे एकेक तुकडे निरनिराळे विणावयाचे. मग ते कापडावर उपडे टांचून मधली जागा बारीक जाळीनें भरावयाची. मूळ लेस करावयास जो वेळ लागे त्याच्या कितीतरी कमी वेळांत हें होई. एका घरीं गुलाब, दुसऱ्या घरीं पानें, आणि जोडणारीण तिसरीच, अशी वांटणी झाली. लंडन-पॅरिसच्या दुकानांतून हा माल खपूं लागला. विसाव्या शतकाच्या आरंभीं तर या लेसचे अंगरखे ही मोठी फॅशन होती. पहिल्या महायुद्धानंतर ती ओसरली.

या उद्योगाचा एक समकालीन वृत्तांत उपलब्ध आहे. कॉर्क येथें अशी शाळा चालविणाऱ्या सुसाना मेरिडिथ या बाईंनीं 1865 सालीं ‘द लेसमेकर्स’ नांवाचें पुस्तक लिहिलें. एलेओनोर रिएगो द ला ब्रांशार्दियेर या बाईचें नांव तर याहून प्रसिद्ध. तिचीं नमुन्यांचीं पुस्तकें 1846 पासून निघूं लागलीं, 1851 च्या लंडन येथील महाप्रदर्शनांत तिला बक्षिसें मिळालीं, आणि आयरिश क्रोशा आपणच निर्माण केला असें ती सांगे. तिची योग्यता आम्ही कमी लेखीत नाहीं. पण नमुना लिहिणारीचें नांव राहिलें, विकणाऱ्या पेढ्यांचीं राहिलीं, शाळा काढणारींचीं राहिलीं. गुलाब विणणारीचें राहिलें नाहीं. 1900 सालीं बोअर युद्धाच्या वेळीं ऐंशी वर्षांच्या व्हिक्टोरिया राणीनें स्वतःच्या हातानें क्रोशाचे आठ गळपट्टे विणले. निवडक शिपायांस ते मानचिन्ह म्हणून देण्यांत आले. ते कोणाकोणास मिळाले याची चौकशी आजही चालते. सुई तीच, टांका तोच. फक्त एकीला वेळ घालवावयाचा होता आणि दुसरीला दिवस काढावयाचा होता.

आतां गोदावरीकडे वळूं. त्र्यंबकेश्वरीं उगम पावलेली आमची गोदा आंध्रांत समुद्रास मिळते तेथें, तिच्या वसिष्ठा शाखेच्या कांठीं, नरसापूर नांवाचें गांव आहे. आयर्लंडांत दुष्काळ पडण्याच्या सुमारासच, 1844 च्या आसपास, स्कॉटिश मिशनऱ्यांनीं गोदावरीच्या खोऱ्यांत ही लेस आणली असें सांगतात. प्रथम ती गरीब ख्रिस्ती बायकांस शिकविली गेली. पुढें इतर जातींत पसरली, त्यांत विशेषतः कापू जातीच्या घरांत. हीं घरें स्थिति सुधारली कीं बायकांस शेतावर पाठवीत नसत. बाई उंबऱ्याच्या आंत असणें ही प्रतिष्ठेची खूण. पण उंबऱ्याच्या आंत बसलेल्या बाईचे हात मोकळे आहेत, हें व्यापाऱ्यानें बरोबर हेरलें. 1970 नंतर परदेशची मागणी वाढली, आणि पूर्वीं ज्या बायका घरोघर दोरा वांटून माल गोळा करीत त्यांच्या जागीं हळूहळू पुरुष व्यापारी आले.

मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनीं तेथें राहून अभ्यास केला व 1982 सालीं ‘द लेस मेकर्स ऑफ नरसापूर’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांनीं जें पाहिलें तें थोडक्यांत असें. या बायका घरचें सर्व काम उरकून रोज सहा ते आठ तास लेस विणीत. त्यांचा माल जगाच्या बाजारांत जाई व त्यावर व्यापारी घराणीं श्रीमंत होत. मजुरी कायद्यानें ठरलेल्या किमान वेतनाच्या आसपासही नसे. तरी व्यापारी, सरकारी अंमलदार, घरचे पुरुष, इतकेंच नव्हे तर पुष्कळदां त्या स्वतःही, त्यांना गृहिणीच समजत व लेस हा फावल्या वेळचा उद्योग मानीत. मीसबाईंचा मुद्दा असा कीं, हा केवळ गैरसमज नव्हे. याच समजुतीवर सारा धंदा उभा आहे. कामगार म्हटलें कीं तासांचा हिशोब येतो, मजुरीची बोलणी येतात. फावला वेळ म्हटलें कीं जें मिळेल तें वरकड. मीसबाईंचीं सर्वच मतें आम्हांस पटतात असें नाहीं. भांडवलशाहीच्या नांवावर त्या कधीं कधीं जरा जास्तच घालतात. पण हें निरीक्षण त्यांच्या हातून निसटलें नाहीं याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहों. 2024 सालीं नरसापूरच्या क्रोशा-लेसला भौगोलिक मानांकन मिळालें, म्हणजे गांवाच्या नांवास कायद्याचें संरक्षण आलें. विणणारीच्या वेळास तें कोठें आहे?

महाराष्ट्रांतही सुई आली ती शिक्षणाचें बोट धरून. मिशनच्या मुलींच्या शाळांतून शिवण-विणकाम होतेंच. 1887 सालीं पुण्याच्या मुलींच्या हायस्कुलाच्या अभ्यासक्रमावर वाद पेटला, तेव्हां टिळकपक्षीय पत्रांचें म्हणणें असें पडलें कीं, इंग्रजीपेक्षां मातृभाषा, नीति व सुईकाम यांस महत्त्व द्यावें. तेथें सुई ही गृहिणीपदाची तयारी होती. पंडिता रमाबाईंनीं 1896-97 च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून आणलेल्या मुलींस केडगांवीं विणाई, शिवण, छपाई शिकविली, आणि 1909 सालीं पुण्यास निघालेल्या सेवासदनानें स्त्रियांस हस्तव्यवसायांचे वर्ग उघडले, तेथें तिचा हेतु निराळा होता: विधवेनें वा निराधार बाईनें स्वतःच्या हातांवर उभें राहावें. एकाच सुईचे हे दोन अर्थ आमच्या समाजांत शेजारीं शेजारीं नांदले. आणि जेथें अडचण पडली तेथें आम्हीं दुसऱ्यावर पहिल्याचें पांघरूण घातलें. बाई कमावते असें म्हणण्यापेक्षां बाईचा वेळ जातो असें म्हणणें घराण्याच्या नांवास बरें वाटे.

परवां वर्गांतील एक विद्यार्थिनी क्रोशाचा तयार झगा घालून आली. किंमत ऐकून आम्ही चकित झालों. जेवणाच्या दोन ताटांइतकीच. “सर, मशीनवर करतात हो,” ती म्हणाली. हा समज सार्वत्रिक आहे आणि तो चुकीचा आहे. दोन सुयांचें विणकाम यंत्रानें कधींच आत्मसात् केलें. क्रोशासारखी दिसणारी जाळीही यंत्र विणतें. परंतु खरा क्रोशा यंत्रास अजून साधलेला नाहीं. प्रयोगशाळांतून प्रयत्न झाले असतील, पण कारखान्यांतून निघालेला असा माल बाजारांत नाहीं. म्हणजे खरा क्रोशा कितीही स्वस्त मिळाला तरी त्यांतील प्रत्येक खांब व प्रत्येक साखळी कोणाच्या तरी हातानें घातलेली असते. तिला आम्हीं तिच्या झग्याची कड उलटून टांके दाखविले. ते खरेच होते. मुलगी बराच वेळ त्या कडेकडे पाहत राहिली. धडा अर्थात् दुसराच चालू होता. तो तसाच राहिला.

आतां ती वही. तींत 1974 पासूनच्या नोंदी आहेत. डावीकडे दोऱ्याचा खर्च, उजवीकडे विक्री. गिऱ्हाईक म्हणजे पेठेंतील एक दुकानदार, जो माल ठेवून घेई व खपल्यावर पैसे देई. न खपलेला परत करी. पेटींतील चौदा रुमाल बहुधा त्यांतलेच. खालीं कोठें कोठें बारीक अक्षरांत खर्च लिहिला आहे: “फी”, “फी व पुस्तकें”, एकदां “चष्मा”. चष्मा 1981 सालचा. तो आमचा होता. वडिलांनीं आणला असें आम्ही समजत होतों, आणि तसें समजूं देण्याची कोणीं तरी काळजी घेतली होती. फी कोणाची, हेंही मग तारखा लावून पाहिल्यावर कळलें.

वहींत वेळाचा रकाना नाहीं. म्हणून आम्हीं आमच्या सूनबाईंस, ज्या हौसेनें क्रोशा करतात, पेटींतील एक ताटावरचा रुमाल नमुन्यास दिला व तसाच एक घड्याळ लावून विणावयास सांगितला. त्यांना अकरा तास लागले. 1978 च्या नोंदींत अशा रुमालाचे आठ रुपये आले आहेत व दोऱ्यास अडीच रुपये गेले आहेत. आत्याबाईंचा हात सूनबाईंपेक्षां चपळ होता, तेव्हां त्यांना नऊच तास लागले असें धरावें, असें सूनबाईंचें म्हणणें आहे.