१८२ दिवसांचं कुळ

परदेशी नागरिकत्व घेतलेले बरेच निवृत्त मालवणी चतुर्थीला घरी येतात आणि आंगणेवाडीची जत्रा करूनच परततात. ओसीआय कार्ड असेल तर राहण्याला मुदत नाही आणि पोलिसांकडे नोंदणीही नाही. इतर परदेशी पाहुण्याचा व्हिसा १८० दिवसांपेक्षा मोठा असला, तर सर्वसाधारणपणे १४ दिवसांत नोंदणी करावी लागते. सिंधुदुर्गात ते काम ओरोसला पोलीस अधीक्षकांच्या कचेरीत होतं. मग कार्डवाले दिवस कसले मोजतात? आयकराचे. १८२ दिवस भरले की माणूस त्या वर्षापुरता भारताचा रहिवासी. १ सप्टेंबर ते १ मार्च, दोन्ही दिवस धरून, लीप वर्ष नसेल तर नेमके १८२ होतात; म्हणजे चतुर्थी ते जत्रा हा मुक्काम उंबरठ्याच्या आसपास येतो. (रहिवासी ठरला म्हणून परदेशी पेन्शनवर लगेच कर बसतोच असं नाही, वर्षानुवर्षं बाहेर राहिलेल्यांना कायद्यात मधला वर्ग आहे.)

हा आकडा आला कुठून? विलायतेत १८४२ च्या आयकर कायद्यात तात्पुरत्या पाहुण्याला सहा महिन्यांची सूट होती. आपल्याकडे १९२२ च्या कायद्यात १९३९ साली ४अ हे कलम घातलं, तेव्हा महिन्यांचे दिवस झाले. १८२ म्हणजे बरोबर २६ आठवडे, म्हणून ही आठवड्यांची मोजणी, असं म्हणता येईल. हिशेब देखणा आहे, पण मला पटत नाही. त्याच कलमात मागच्या चार वर्षांतल्या ३६५ दिवसांचीही कसोटी आहे. मसुदा लिहिणाऱ्याच्या डोक्यात वर्ष होतं, आठवडा नव्हे. त्याने ३६५ निम्मे केले आणि वरचा अर्धा दिवस सोडला. निम्म्याहून जास्त हवं तर १८३ का नाही, जसं इतर अनेक देशांत आहे? कारण सोडलेला अर्धा दिवस सरकारच्या पदरात पडतो: माणूस एक दिवस आधी सापडतो.

खरी मौज मात्र त्या कलमाच्या दुसऱ्या शाखेत आहे. ब्रिटिश हिंदुस्थानात तुमच्यासाठी १८२ दिवस घर राखलेलं असेल आणि वर्षात तुम्ही कितीही थोडा काळ तिथे आलात, तरी रहिवासी. मेअखेरीस कौलं चाळून घेणं, झापांनी पडवी झाकणं, देवापुढे दिवा लावायला शेजाऱ्याला सांगून ठेवणं: मालवणात याला घर राखणं म्हणतात, आणि कायद्याला नेमकं हेच पुरत होतं. तेव्हा मालवण इंग्रजांच्या रत्नागिरी जिल्ह्यात, तर सावंतवाडी संस्थानात. म्हणजे वाडीच्या माणसाने मालवणात घर राखलं आणि एका दिवसासाठी तिथे आला, तर आयकराच्या दृष्टीने तो इंग्रजी मुलखाचा रहिवासी. उलट मालवणवाल्याचं वाडीतलं घर हिशेबातच नव्हतं.

या शाखेचं मूळ मी स्कॉटलंडमध्ये शोधतो. न्यूयॉर्कच्या कॅडवॅलेडर नावाच्या वकिलाने तिथे शिकारीसाठी घर घेतलं होतं आणि तो वर्षाकाठी दोनेक महिने येई. १९०४ मध्ये न्यायालयाने त्याला रहिवासी ठरवलं, कारण घर त्याच्यासाठी सदैव तयार होतं. आक्षेप असा येईल की १९३९ चा मसुदा संस्थानिक आणि बंगले राखणारे गोरे साहेब यांच्यावर रोखलेला असावा; शिकारीच्या घराचा काय संबंध? रोख तसा असेलही. पण घर तयार आणि माणूस थोडाच वेळ हजर, ही जोडी मुंबई-दिल्लीत सुचलेली नाही. तिचा साचा त्या निकालात आहे. दोन्ही कागद हातात हात घालून गेल्याचा पुरावा मी देत नाही. साम्य मात्र मला पुरेसं वाटतं.

१९६१ च्या कायद्याने या शाखेला ३० दिवसांच्या हजेरीची अट जोडली, आणि १९८२ च्या वित्त कायद्याने ती शाखाच काढून टाकली. विलायतेतला तसाच नियम १९९३ मध्ये गेला. आज मालवणातलं घर राखल्याने कोणी रहिवासी ठरत नाही, दिवसच मोजले जातात. तेव्हा १ एप्रिल ते ३१ मार्च असा हिशेब ठेवा. भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल आणि मागच्या चार वर्षांत मुक्कामाचे ३६५ दिवस भरले असतील, तर २०२० पासून तुमचा उंबरठा १८२ नाही, १२० आहे. जत्रेआधीच तो ओलांडला जातो.