चावडी ओस पडते तेव्हां

मराठेशाहीच्या जुन्या कागदपत्रांत 'परागंदा' हा शब्द वारंवार आढळतो. अंमलदाराचा जुलूम असह्य झाला, किंवा दुष्काळानें पोट जाळलें, म्हणजे रयत गुरेंढोरें घेऊन शेजारच्या मुलखांत निघून जाई. मागें उरत त्या घरांच्या भिंती, देऊळ आणि ओस पडलेली चावडी. मग सरकारांतून 'कौल' निघे. सारा हलका करूं, उपद्रव लागूं देणार नाहीं, सुखानें येऊन नांदावें, असें अभय त्या कौलांत दिलेलें असे. माणसांवांचून गांव म्हणजे नुसतें रान, ही गोष्ट राज्यकर्ते पुरेपूर जाणून होते.

आज मी आपणांस जी हकीकत सांगणार आहें ती अशाच एका परागंदा झालेल्या वस्तीची आहे. परंतु या वस्तीला ना शिवार होतें, ना भिंती. ती संगणकांच्या तारांवर वसलेली होती, आणि २०२१ सालीं अवघ्या महिन्याभरांत ती उठून दुसरीकडे गेली.

फिनलंड देशांतील ओउलू येथील विद्यापीठांत यार्को ओइकारिनेन नांवाचा एक तरुण होता. दूरदूरच्या माणसांना एकाच वेळीं, टंकलेखनाच्या द्वारें कां होईना, एकमेकांशीं बोलतां यावें, यासाठीं त्यानें १९८८ च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस एक प्रोग्रॅम रचला. त्यास 'इंटरनेट रिले चॅट' किंवा थोडक्यांत 'आय.आर.सी.' असें म्हणतात. त्याची रचना झाडासारखी आहे. एक सर्व्हर दुसऱ्यास जोडलेला, दुसरा तिसऱ्यास. एका टोंकाला लिहिलेलें वाक्य फांदीफांदीनें पसरत क्षणार्धांत सर्वांपुढें येतें. चर्चेच्या प्रत्येक विषयाची खोली वेगळी. तिला 'चॅनेल' म्हणतात. १९९३ च्या मे महिन्यांत या व्यवस्थेचे नियम लेखनिविष्ट झाले. टोपणनांव नऊ अक्षरांहून मोठें नसावें, एक निरोप ५१२ चिन्हांत आटोपावा, असे ते साधे नियम होते. आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. बोललेलें जपून ठेवण्याची सोय या व्यवस्थेंत मुळांत नव्हती. जो हजर असेल त्यानें ऐकावें; जो नसेल त्याला तें मुकलें. पारावरच्या गप्पांचा जो गुण आणि जो दोष, तोच येथेंही होता.

१९९१ सालीं आखाती युद्धाच्या वेळीं, आणि त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें मॉस्कोंत सत्ता उलथण्याचा प्रयत्न झाला तेव्हां, याच मार्गानें लोकांनीं एकमेकांना ताज्या वार्ता कळविल्या. त्यामुळें या साधनाचें नांव विद्यापीठांच्या बाहेर पसरलें.

माणसें जमलीं कीं भाऊबंदकीही आलीच. १९९० सालीं बर्कलीच्या विद्यापीठांतील 'एरिस' नांवाच्या एका सर्व्हरनें कोणालाही, विनापरवाना, आपल्याशीं जोडून घेण्याची मुभा दिली. इतरांना तें धोक्याचें वाटलें. त्यांनीं एरिसला वगळून आपलें वेगळें जाळें केलें, आणि 'एरिस-मुक्त' याच अर्थाचें 'एफनेट' हें नांव धारण केलें. १९९६ च्या जुलैंत या एफनेटचेही दोन तुकडे झाले. युरोपांतील बरेच सर्व्हर फुटून 'आय.आर.सी.नेट' निराळें झालें. मात्र या दोन्ही भांडणांत तंटा झाला तो कारभाऱ्यांमध्यें. बिचारे बोलणारे लोक आपापल्या सर्व्हरबरोबर ज्या बाजूस पडले त्या बाजूस राहिले.

आतां आपल्या मुख्य कथेकडे वळूं. मुक्त प्रणालींवर काम करणाऱ्या, म्हणजे ज्यांची घडण सर्वांस खुली असते असे प्रोग्रॅम रचणाऱ्या मंडळींसाठीं, रॉब लेव्हिन या गृहस्थानें एक जाळें उभारलें. प्रारंभीं त्याचें नांव 'ओपन प्रोजेक्ट्स नेटवर्क' होतें. २००२ सालीं तें 'फ्रीनोड' झालें. लेव्हिन २००६ च्या सप्टेंबरांत मोटारीच्या अपघातानंतर मरण पावले. पण त्यांनीं लावलेलें रोप फोफावलें. सर्व्हर देणगीदाखल मिळालेले, देखरेख करणारे स्वयंसेवक, आणि बोलणारे जगभरचे. कोणतें टोपणनांव कोणाचें, कोणती खोली कोणाच्या ताब्यांत, याची एक नोंदवही तेथें असे. हातांत कागद नसलेल्या या वस्तीचा सातबारा म्हणावा तो हाच.

२०१७ सालीं फ्रीनोडच्या नांवानें इंग्लंडांत एक कंपनी नोंदली गेली, आणि पुढें तिची मालकी अँड्र्यू ली या उद्योजकाकडे गेली. वर्षें शांततेंत गेलीं. २०२१ च्या वसंतांत मात्र प्रश्न उभा राहिला, कीं या जाळ्याचा खरा धनी कोण? ली यांचें म्हणणें असें, कीं कंपनी माझी, तेव्हां जाळेंही माझें. स्वयंसेवकांचें म्हणणें असें, कीं सर्व्हर देणगीदारांचे, श्रम आमचे, आणि वस्ती लोकांची. कंपनीच्या कागदानें तीवर हक्क पोहोंचत नाहीं. तडजोड झाली नाहीं. १९ मे २०२१ रोजीं बहुतेक स्वयंसेवकांनीं एकाच दिवशीं राजीनामे दिले, आणि त्याच दिवशीं 'लिबेरा चॅट' या नांवाचें नवें जाळें खुलें केलें. नव्या घराची मालकी पुन्हां एका हातीं जाऊं नये म्हणून त्यांनीं स्वीडनमध्यें बिननफ्याची संस्था नोंदविली, आणि काम करणारे स्वयंसेवक हेच तिचे सभासद झाले.

आतां पेंच पडला तो सामान्य रहिवाशांना. जावें कीं राहावें? घरटीं एकेकानें जाऊन भागत नाहीं. जेथें प्रश्नाला उत्तर देणारा शहाणा बसतो तेथें लोक जातात; आणि लोक जेथें असतात तेथेंच तो शहाणा बसतो. प्रत्येकजण दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहतो, आणि त्यामुळें कोणीच हलत नाहीं. एरवीं अशीं स्थलांतरें फसतात तीं याच कारणानें. येथें दोन गोष्टींनीं काम सोपें झालें. एक तर दोन्ही जाळ्यांची भाषा एकच, आय.आर.सी.ची. जुनी हत्यारें तींच ठेवून केवळ पत्त्याची एक ओळ बदलली कीं माणूस नव्या गांवीं पोहोंचत असे. दुसरें असें, कीं उबुंटू, जेंटू, फेडोरा, विकिमीडिया यांसारख्या मोठ्या मंडळांनीं विचार करून आपला निर्णय जाहीर केला. पाटील निघाला कीं बलुतेदारांना वाट पाहावी लागत नाहीं.

जातांना लोकांनीं रीतीप्रमाणें जुन्या खोलीच्या माथ्यावर पाटी लावली, कीं आम्हीं अमुक ठिकाणीं गेलों आहोंत. आणि येथेंच कथेला कलाटणी मिळाली. २५ आणि २६ मेच्या सुमारास फ्रीनोडच्या नव्या कारभाऱ्यांनीं, ज्या ज्या खोल्यांच्या पाटीवर लिबेराचें नांव होतें अशा सातशेंहून अधिक खोल्या ताब्यांत घेतल्या. नियमांची अंमलबजावणी, असें कारण देण्यांत आलें. परिणाम मात्र उलटा झाला. जे काठावर बसून होते, दोन्ही बाजू ऐकून घेऊं म्हणत होते, तेही उठले. जूनमध्यें फ्री सॉफ्टवेअर फौंडेशन आणि ग्नू यांनींही लिबेराची वाट धरली. त्याच महिन्याच्या मध्यास फ्रीनोडनें आपली सर्व्हर-प्रणाली बदलली, आणि त्या बदलांत टोपणनांवांची व खोल्यांची जुनी नोंदवहीच रद्द झाली. वीस वर्षांचा सातबारा एका दिवसांत कोरा झाला. जुन्या राज्यकर्त्यांनीं अशा वेळीं कौल दिला असता. येथें कौलाऐवजीं जप्ती आली.

श्रोतेहो, प्रत्येक स्थलांतर जुलुमामुळेंच होतें असें मात्र नाहीं. मोझिला या संस्थेचें स्वतःचें आय.आर.सी. १९९८ पासून चालू होतें. मालक तेच, भांडण कसलें नव्हतें. परंतु ओळख न पटवितां कोणीही आंत शिरून त्रास देऊं शकतो आणि नवख्याला प्रवेश अवघड वाटतो, असें त्यांच्या अनुभवास आलें. २०१९ सालीं त्यांनीं चार निरनिराळ्या व्यवस्था वापरून पाहिल्या, 'मॅट्रिक्स' ही पसंत केली, आणि २०२० च्या मार्चमध्यें जुनें दालन बंद केलें. येथें भाषाच बदलली असल्यामुळें जुनीं हत्यारें टाकून नवीं घ्यावीं लागलीं. ज्यांचे हात जुन्यावर बसले होते त्यांना तें जड गेलें असल्यास नवल नाहीं. नवागताचें दार रुंद करावयाचें तर जुन्या माणसाला थोडें सरकून बसावें लागतें.

याच्याही आधीं, २००६ च्या जूनमध्यें, डेबियन या मंडळानें फ्रीनोड सोडून 'ओ.एफ.टी.सी.' या जाळ्यावर आपलें बिऱ्हाड हलविलें होतें, आणि त्याचा फारसा गाजावाजा झाला नाहीं. कारण फार साधें आहे. डेबियननें लोकांना फ्रीनोडचा पत्ता कधीं मुख्यत्वें सांगितलाच नव्हता; त्यानें आपल्या स्वतःच्या नांवाचा पत्ता सांगितला होता. त्या पत्त्यावरची वाट आंतून दुसरीकडे वळविली कीं काम झालें. बिऱ्हाड भाड्याचें असलें तरी दारावरची पाटी घरची होती.

२०२१ च्या स्थलांतरांत अशी घरची पाटी सर्वांपाशीं नव्हती. छापील पुस्तकांत, जुन्या सूचनापत्रकांत फ्रीनोडचाच पत्ता राहून गेला. तो वाचून एखादा विद्यार्थी त्या खोलीत शिरे, आदबीनें आपली अडचण मांडी, आणि उत्तराची वाट पाहत बसे. खोलीत कोणी नसे. भांडणाशीं त्याचा कांहीं संबंध नव्हता. पण भुर्दंड त्याला पडला. इतिहासांत मोठ्यांचे तंटे नोंदले जातात. मला मात्र ओस चावडींत बसलेल्या या मुलाची आठवण अधिक राहते.

आपल्यापैकीं अनेकांचीं कुटुंबें, शाळासोबती, वाचनमंडळें आज परक्यांच्या जागेंत जमत असतात. ती जागा कोणाची, तेथील नोंदवही कोणाच्या हातीं, आणि उद्यां उठावें लागलें तर एकमेकांना कोठें गांठावें, हें सुखाच्या दिवसांतच ठरवून ठेवलेलें बरें. सर्वांची एक यादी आपल्यापाशीं असावी, पाटी घरची असावी, आणि हलतांना मागून येणाऱ्यासाठीं जुन्या दाराशीं कोणीतरी कांहीं दिवस थांबावें. एवढें केलें म्हणजे चावडी ओस पडली तरी गांव मोडत नाहीं.