साबोनिस, आर्विदास

साबोनिस, आर्विदास : (१९ डिसेंबर १९६४ – ). लिथुएनियाचा बास्केटबॉलपटू. आधी सोव्हिएट संघराज्याच्या आणि पुढे स्वतंत्र लिथुएनियाच्या राष्ट्रीय संघाचा सेंटर. उंची २.२१ मी. (७ फूट ३ इंच). जन्म काउनास या शहरी. लिथुएनियाने १९३७ आणि १९३९ अशी दोनदा युरोपीय अजिंक्यपदे मिळवली होती, त्यांतले दुसरे तर काउनासमध्येच. १९४० मध्ये देश सोव्हिएट संघराज्यात ओढला गेला, पण बास्केटबॉलचे वेड ओसरले नाही.

१९८१ मध्ये तो काउनासच्या झाल्गिरिस क्लबकडून खेळू लागला. १९८२ मध्ये कोलंबियात जागतिक अजिंक्यपद जिंकणाऱ्या सोव्हिएट संघात तो होता. तेव्हा त्याचे वय १७ होते. झाल्गिरिसने १९८५, १९८६ आणि १९८७ अशी सलग तीन सोव्हिएट विजेतेपदे मिळवली आणि तिन्ही वेळा हरवले ते लाल सेनेच्या सीएसकेए मॉस्को या संघाला. लिथुएनियन प्रेक्षकाला या सामन्यांत खेळापलीकडचे बरेच काही दिसत होते. उघड बोलता येत नव्हते ते मैदानात ओरडता येत होते. १९८६ च्या युरोपीय चषकाची अंतिम लढत मात्र झाल्गिरिस बुडापेस्टमध्ये द्राझेन पेत्रोविचच्या चिबोना झाग्रेबशी हरला. प्रतिस्पर्ध्याला ठोसा मारल्यामुळे साबोनिसला त्या सामन्यातून बाहेर काढण्यात आले होते.

त्याच वर्षी माद्रिदच्या जागतिक स्पर्धेतील उपांत्य सामन्यात शेवटचा मिनिट उरला असताना सोव्हिएट संघ युगोस्लाव्हियापेक्षा नऊ गुणांनी मागे होता. लागोपाठ तीन तीन-गुणी फेकी पडल्या. पहिली साबोनिसची होती. जादा वेळेत सोव्हिएट संघाने सामना ९१–९० असा जिंकला. अंतिम फेरीत अमेरिकेकडून अवघ्या दोन गुणांनी हार झाली, तरी सव्वासात फुटी सेंटर सहज दुरून बास्केट करतो हे बास्केटबॉलच्या जगाला तोवर पुरते कळून चुकले होते. त्या काळचा तरुण साबोनिस धावे, उडी मारे, रिबाउंड घेऊन स्वतःच चेंडू पुढे नेई आणि न बघता पास देई. त्याच्याविषयी लिहिताना हा काळ सोडून चालत नाही. अमेरिकी प्रेक्षकाने पुढे पाहिलेला साबोनिस या खेळाडूचा निम्मा भागच होता.

अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक लीगच्या अटलांटा हॉक्सने १९८५ च्या ड्राफ्टमध्ये त्याची निवड केली होती. वय २१ पेक्षा कमी असल्याने ती रद्द झाली. १९८६ मध्ये पोर्टलंड ट्रेल ब्लेझर्सने त्याला पहिल्या फेरीत २४ व्या क्रमांकावर निवडले. पण सोव्हिएट सत्ता त्याला जाऊ देईना. दरम्यान त्याच्या टाचेवरची ॲकिलिस कंडरा तुटली, आणि तीही एकदा नव्हे. १९८८ मध्ये उपचारांसाठी त्याला पोर्टलंडला जाण्याची परवानगी मिळाली. खेळायला नाही, बरे व्हायला. त्याच वर्षी सेऊल ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत सोव्हिएट संघाने अमेरिकेला ८२–७६ असे हरवले आणि नंतर युगोस्लाव्हियाला नमवून सुवर्णपदक घेतले. अलेक्सांद्र गोमेल्स्की यांच्या त्या संघाचा कणा साबोनिस, मार्चुलिओनिस, कुर्तिनाइतिस आणि खोमिचियुस हे चौघे लिथुएनियन होते. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय महासंघाने ऑलिंपिकची दारे एनबीएच्या खेळाडूंना खुली केली.

१९८९ मध्ये तो अमेरिकेऐवजी स्पेनला गेला. दुखऱ्या पायांना एनबीएचा ८२ सामन्यांचा हंगाम झेपेल की नाही, हा प्रश्न होताच. वायादोलिदमध्ये तीन आणि रियाल माद्रिदमध्ये तीन हंगाम तो खेळला. आता धावणे जवळपास संपले होते. उरले ते डोके आणि हात. रियालला त्याने १९९३ आणि १९९४ ची स्पॅनिश विजेतेपदे मिळवून दिली, आणि १९९५ मध्ये ऑलिंपियाकोसला हरवून युरोपीय चषकही.

१९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये लिथुएनिया स्वतंत्र देश म्हणून प्रथमच ऑलिंपिक बास्केटबॉल खेळला. उपांत्य फेरीत अमेरिकेच्या ‘ड्रीम टीम’ने त्यांचा १२७–७६ असा धुव्वा उडवला. कांस्यपदकाच्या लढतीत समोर कोण यावे, तर माजी सोव्हिएट प्रजासत्ताकांचा संयुक्त संघ! लिथुएनियाने सामना ८२–७८ असा जिंकला. रंगीबेरंगी टी-शर्ट घालून खेळाडू पदक घ्यायला उभे राहिले. सेऊलचे सुवर्ण आणि बार्सिलोनाचे कांस्य यांत लिथुएनियन मनाला कोणते मोठे वाटते, हे विचारायची गरज नाही. १९९६ मध्ये अटलांटातही त्यांनी कांस्यपदक राखले.

साबोनिस पोर्टलंडकडून खेळू लागला तो १९९५ मध्ये, निवडीनंतर नऊ वर्षांनी, वयाच्या तिशीत. त्याच्या पायांचे क्ष-किरण चित्र पाहून, एवढ्यावर या माणसाला अपंगांसाठी राखीव पार्किंग मिळेल, असे डॉक्टर म्हणाल्याची गोष्ट संघाचे तत्कालीन व्यवस्थापक बॉब व्हिटसिट सांगत. तरीही पहिल्या हंगामात त्याने सामन्यामागे सरासरी १४.५ गुण आणि ८.१ रिबाउंड नोंदवले. १९९७-९८ मध्ये हे आकडे १६ आणि १० पर्यंत गेले. २००० मध्ये पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीतील सातव्या सामन्यात पोर्टलंडने शेवटच्या सत्रात १५ गुणांची आघाडी गमावली आणि लेकर्स पुढे गेले. विजेतेपदाच्या याहून जवळ साबोनिस अमेरिकेत कधी पोहोचला नाही. २००१-०२ चा हंगाम त्याने विश्रांतीसाठी सोडला. २००३ मध्ये तो झाल्गिरिसकडे परतला आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर असताना २००४ मध्ये युरोलीगच्या साखळी फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २००५ मध्ये त्याने निवृत्ती घेतली.

एनबीएतील त्याची कारकिर्दीची सरासरी १२ गुण आणि ७.३ रिबाउंड. केवळ या आकड्यांवरून त्याला तोलणारा चुकीच्या तराजूने मोजतो. पास देणाऱ्या सेंटरची जी परंपरा आज निकोला योकिचपर्यंत आली आहे, तिच्यात साबोनिसचे स्थान फार वरचे आहे. २०११ मध्ये त्याचा स्प्रिंगफील्ड येथील नेस्मिथ हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. त्याच वर्षापासून २०२१ पर्यंत तो लिथुएनियन बास्केटबॉल महासंघाचा अध्यक्ष होता. १९९६ मध्ये पोर्टलंडला जन्मलेला त्याचा धाकटा मुलगा डोमांतास हाही एनबीएत खेळतो. २०२२-२३ पासून सलग तीन हंगाम रिबाउंडच्या सरासरीत तो लीगमध्ये पहिला होता.