साठ म्हातारे आणि दोन चित्रे

एक बिछाना, उशी ठेवलेली एक खुर्ची, कथलाचे लघवीचे भांडे, तीन ब्लँकेटे, सहा चांगले सदरे आणि रात्री झोपताना डोक्यावर घालायच्या सहा टोप्या. हार्लेम गावातल्या वृद्धाश्रमात राहायला जायचे तर सतराव्या शतकात म्हाताऱ्याने एवढे सामान घेऊन यावे, असा नियम होता. वय साठ पूर्ण हवे, माणूस एकटा हवा आणि तो हार्लेमचाच हवा.

हार्लेम नेदरलँड्समध्ये आहे, आम्सटरडॅमपासून जेमतेम वीस किलोमीटरवर. तिथल्या या वृद्धाश्रमात दोन चित्रे होती. गावातल्याच एका चित्रकाराने ती काढली होती, तीही स्वतःची ऐंशी वर्षे उलटून गेल्यावर. आज जगभरची माणसे ती पाहायला जातात. चित्रांची ख्याती झाली ती त्यांच्याविषयी पसरलेल्या एका कथेमुळेही, आणि ती कथा बहुधा खरी नाही. त्या कथेकडे आपण येऊच, पण त्याआधी ते घर पाहू.

घर उभे राहिले ते लॉटरीच्या पैशावर. सोळाव्या शतकाच्या शेवटी दक्षिणेकडच्या युद्धातून हजारो निर्वासित हार्लेममध्ये आले. गाव वाढले आणि निराधारही वाढले. एकट्या राहिलेल्या बायकांसाठी गावात अंगणाभोवतीच्या छोट्या घरांच्या वसाहती होत्या. पुरुषांसाठी मोठे घर बांधायचे ठरले आणि 1606 मध्ये त्यासाठी लॉटरी काढण्यात आली. या डच लॉटऱ्यांची एक गंमत होती. तिकीट घेणारा आपल्या नावाबरोबर एखादे छोटे यमकही लिहून देई आणि सोडतीच्या वेळी ती चिठ्ठी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली जाई. कुणी देवाची करुणा भाकायचा, कुणी शेजाऱ्याची थट्टा करायचा. लॉटरीकडे लोक ओढले जावेत म्हणून हार्लेमने त्याच वर्षी गावोगावच्या काव्यमंडळांना बोलावून मोठी स्पर्धाही भरवली. वृद्धाश्रमाच्या वर्गणीसाठी कवितांचा जलसा! पुढे आपला चित्रकारही अशाच एका काव्यमंडळाचा काही वर्षे सभासद होता.

1609 मध्ये घर तयार झाले. मधोमध अंगण आणि त्याच्या कडेने तीस छोटी घरे. एकेका घरात दोघे, म्हणजे एकंदर साठ म्हातारे. उन्हाळ्यात रात्री आठला आणि हिवाळ्यात सातला आत यायचे, मग दार बंद. आठवड्यातून एकदा रहिवाशांनीच पेटी घेऊन गावातून संस्थेसाठी पैसे गोळा करून आणायचे. आसरा होता, पण आयुष्यभर काम केलेल्या माणसाच्या हातात म्हातारपणी दानपेटीही होती.

घराचा कारभार गावातल्या प्रतिष्ठितांकडे असे. पैसा आणि मालमत्ता पाच विश्वस्त पाहत. स्वयंपाकघर, कपडेलत्ते आणि रोजची व्यवस्था चार महिला विश्वस्तांकडे. ही माणसे मानाची होती आणि त्या काळच्या डच रीतीप्रमाणे आपले एकत्रित चित्र काढून घेऊन ते सभेच्या खोलीत लावत. आपल्याकडे जुन्या संस्थांच्या कचेरीत पहिल्या कार्यकारी मंडळाचा फोटो असतो ना, मधोमध अध्यक्ष आणि मागे शिपाई उभा, तसेच काहीसे. फरक इतकाच, की फोटो नव्हते म्हणून चित्रकार लागे, आणि हार्लेममध्ये चित्रकारांची वाण नव्हती. गावातल्या सेंट एलिझाबेथ रुग्णालयाने 1641 च्या सुमारास पुरुष विश्वस्तांचे चित्र एका हार्लेमकराकडून काढून घेतले आणि महिला विश्वस्तांचे दुसऱ्याकडून. बायकांचे चित्र काढणारा योहानेस फर्स्प्रॉंक. पुरुषांचे चित्र काढणारा फ्रान्स हाल्स, आपल्या गोष्टीतला चित्रकार.

हाल्स मूळचा अँटवर्पचा, जन्म 1582 किंवा 1583 चा. 1585 मध्ये स्पॅनिश फौजांनी अँटवर्प घेतले आणि त्याचे कुटुंब उत्तरेला हार्लेममध्ये आले. त्यानंतर आयुष्यभर तो तिथेच राहिला. नगररक्षक दलाच्या अधिकाऱ्यांच्या मेजवान्या त्याने मोठमोठ्या पटांवर रंगवल्या. त्यातली माणसे हसताहेत, पेला उचलताहेत, आपण खोलीत शिरल्यासारखी वळून पाहताहेत. ओल्या रंगावर भराभर ब्रश ओढून चेहरा जिवंत करण्यात त्याची बरोबरी करणारे फार थोडे. आम्सटरडॅमहून अशाच चित्राचे काम आले होते. पण तिकडे जाऊन राहण्यावरून वाद झाला आणि ते चित्र दुसऱ्याच चित्रकाराने पुरे केले. याचे गाव सुटेना.

कौशल्य होते, पण पैसा टिकला नाही. घरात मुले पुष्कळ. 1654 मध्ये एका पाववाल्याची बाकी थकली म्हणून त्याच्या काही वस्तू लिहून घेतल्या गेल्या. ती यादी सापडते: तीन गाद्या आणि लोड, एक कपाट, एक टेबल, पाच चित्रे. पुढे वय झाले म्हणून चित्रकारांच्या संघाने त्याची वर्गणी माफ केली. 1662 मध्ये त्याने गावाकडे मदत मागितली आणि ती मिळाली. 1664 मध्ये नगराध्यक्षांनी त्याला तहहयात वर्षाला 200 गिल्डर ठरवून दिले आणि वर तीन गाड्या पीट. पीट म्हणजे दलदलीतून खणून काढून वाळवलेले जळण. हार्लेमचा हिवाळा ज्याने पाहिला असेल त्याला या तीन गाड्यांचे मोल कळेल.

याच सुमारास वृद्धाश्रमाची दोन चित्रे त्याने रंगवली, एक विश्वस्तांचे आणि दुसरे महिला विश्वस्तांचे. दोन्ही सुमारे अडीच मीटर रुंद आणि पावणेदोन मीटर उंच. विश्वस्तांच्या चित्रात काळ्या पोशाखातले, पांढऱ्या गळपट्ट्यांचे पाच पुरुष आहेत, डोक्यावर उंच टोप्या. सहावा सेवक, तो बोडक्या डोक्याने मागे उभा. एकाची टोपी कलती आहे, चेहऱ्यावर केस लोंबताहेत आणि नजर थोडी हरवलेली. बायकांच्या चित्रात चौघी विश्वस्त आहेत आणि उजवीकडे घराची व्यवस्थापिका हातात कागद घेऊन उभी आहे. पार्श्वभूमी जवळजवळ काळोखीच आहे. त्या काळोखातून फक्त चेहरे, गळपट्टे आणि हात बाहेर येतात. हात तर जवळून पाहिले तर हात राहतच नाहीत, ब्रशचे चार-सहा फटकारे दिसतात. दोन पावले मागे सरका, की तोच म्हाताऱ्या बाईचा हाडकुळा हात होतो.

आता ती कथा. लोक म्हणू लागले, की हाल्स स्वतः याच वृद्धाश्रमात भिकारी म्हणून राहत होता. विश्वस्तांनी त्याला वाईट वागवले, म्हणून त्याने सूड उगवला: एकाला दारुडा दाखवले आणि बायकांना कोरड्या, निर्दय. गोष्ट ऐकायला छान आहे. पण हाल्स त्या घरात कधी राहिला नाही, राहूच शकला नसता, कारण ते घर एकट्या पुरुषांसाठी होते आणि त्याची बायको लिस्बेथ हयात होती. त्याला मदत दिली ती नगराध्यक्षांनी, या विश्वस्तांनी नव्हे. कलती टोपी ही तर त्या काळची तऱ्हाच होती. हरवलेल्या नजरेबद्दल कुणी सुचवले, की त्या माणसाला चेहऱ्याचा पक्षाघात असावा. आणि विश्वस्तांना आपला अपमान झालाय असे वाटले असते, तर त्यांनी ती चित्रे आपल्याच घरात लावली असती का? मला नाही वाटत.

तरीही ती कथा मेली नाही. 1972 मध्ये इंग्लंडमधल्या जॉन बर्जरने आपल्या गाजलेल्या दूरचित्रवाणी मालिकेच्या पुस्तकात याच दोन चित्रांचे उदाहरण घेतले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की दानावर जगणारा म्हातारा आणि दान वाटणारे लोक समोरासमोर बसले आहेत, या चित्रांचे नाट्य ते आहे आणि कलासमीक्षक रंगसंगतीच्या गप्पा मारून तेच झाकतात. हाल्सवर आयुष्य घालवलेल्या सेमूर स्लाइव्हसारख्या अभ्यासकांनी कागदपत्रांवर बोट ठेवून सूडाची कल्पना नाकारली. जानेवारी 1665 मध्ये हाल्स जावयाच्या 458 गिल्डरच्या कर्जाला जामीन राहिला होता. म्हणजे या चित्रांचे पैसे त्याच्या हाती आले असणे शक्य आहे.

माझा कौल सूडाच्या कथेला नाही, पण बर्जरलाही मी पूर्ण मोडीत काढणार नाही. मदत देणारे नगराध्यक्ष आणि चित्रासाठी बसलेले विश्वस्त वेगळे असले, तरी वर्ग एकच होता. आणि हाल्सला ते घर परके नव्हते. एकटा असता तर त्याचे वय, गाव आणि परिस्थिती त्या दारातून आत जाण्यासारखीच होती. शिवाय एक गोष्ट मला मोलाची वाटते. तेव्हा हार्लेममध्ये यान द ब्राय नावाचा चाळिशीच्या आतला, नेटके आणि गुळगुळीत काम करणारा चित्रकार होता. गावातल्या अनाथ मुलांच्या संस्थेने आपले काम त्यालाच दिले होते. वृद्धाश्रमाने मात्र ऐंशीच्या पुढच्या, हात सैल झालेल्या, जुन्या वळणाच्या हाल्सला बोलावले. जुन्या ओळखीपोटी, कीव म्हणून की आवडला म्हणून, ते नोंदींत नाही. पण बोलावले, हे खरे.

द ब्रायचे नाव काढले म्हणून आणखी एक. त्याने 1663 मध्ये त्या अनाथ मुलांच्या संस्थेसाठी एक चित्र काढले. त्यात मुले आहेत. त्यांचे जुने कपडे उतरवून नवे घालताहेत, त्यांना खायला देताहेत. म्हणजे ज्यांच्यासाठी संस्था होती त्यांचे चेहरे रंगवायची तऱ्हा त्याच गावात, त्याच वर्षांत होती. हाल्सच्या दोन्ही चित्रांत मात्र एकही रहिवासी म्हातारा नाही. अंगणाभोवतीच्या घरांत दोनशे वर्षे माणसे आली आणि गेली. विश्वस्तांची नावे आपण आजही वाचू शकतो. सहा टोप्या आणि तीन ब्लँकेटे घेऊन आलेल्यांपैकी एकही हाल्सच्या ब्रशखाली आला नाही. मला वाटते, सूडाच्या कथेला लोक इतके चिकटले ते यामुळेच असावे. चित्रात म्हातारे नाहीत हे कुठेतरी खुपते, मग आपण चित्रकारालाच त्यांच्यात नेऊन बसवतो.

हाल्स ऑगस्ट 1666 मध्ये गेला. सेंट बाव्हो चर्चमध्ये त्याला पुरले. 1675 मध्ये लिस्बेथने गावाकडे मदत मागितली, तेव्हा तिला आठवड्याला 14 स्टायव्हर मंजूर झाले. वीस स्टायव्हरचा एक गिल्डर.

पुढे जवळजवळ दोनशे वर्षे जगाला हाल्सची फारशी आठवण राहिली नाही. होती ती दारू पिणारा उधळ्या माणूस म्हणून. 1810 मध्ये म्हातारे त्या घरातून गेले आणि तिथे अनाथालय आले. 1862 मध्ये हार्लेमच्या नगरसभागृहात पालिकेचे संग्रहालय उघडले आणि चित्रे लोकांना तिथे पाहता येऊ लागली. फ्रेंच समीक्षक तेओफिल तोरेने त्याच दशकात हाल्सवर लिहून त्याला नव्याने उजेडात आणले. मग चित्रकारांची रीघ लागली. जर्मन चित्रकार माक्स लीबरमान 1876 मध्ये हार्लेमला बसून हाल्सच्या नकला करत होता. त्याच वर्षी फ्रेंच लेखक फ्रोमांतां लिहीत होता, की या शेवटच्या चित्रांत म्हाताऱ्याचा हात राहिलेला नाही. व्हॅन गॉगने 1885 मध्ये भावाला कळवले, की हाल्सकडे काळ्या रंगाच्या सत्तावीस तरी छटा असाव्यात. अमेरिकन चित्रकार व्हिसलर 1902 मध्ये, मरणाच्या आदल्या वर्षी, आजारी असतानाच हार्लेमला आला. त्याच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे, की राखणदाराने त्याला कठड्याच्या आत सोडले आणि त्याने त्या बायकांपैकी एकीच्या चेहऱ्यावरून हळुवार बोटे फिरवली.

अनाथालय हलल्यावर गावाने ती इमारत संग्रहालयासाठी घेतली आणि 1913 मध्ये तिथे फ्रान्स हाल्सच्या नावाचे संग्रहालय उघडले. विश्वस्त आणि महिला विश्वस्त, दोन्ही चित्रे आपल्या जुन्या घरी परत आली. दाराशीच, प्रवेशाच्या दालनात, एका म्हाताऱ्याचा पुतळा ठेवलेला आहे. त्याच्या हातात दानपेटी आहे.