घाट चढताना काट्यावर नजर : इंजिनाचा तापमापक बसवताना

जळगावहून छत्रपती संभाजीनगरकडे येणारा रस्ता फर्दापूर सोडल्यानंतर अजिंठ्याच्या घाटाला लागतो. खानदेशाच्या सखल भागातून मराठवाड्याच्या पठारावर नेणाऱ्या या चढावर एप्रिल-मे महिन्यांत इंजिनाची खरी कसोटी लागते. हवेचे तापमान ४० अंशांच्या पुढे, गाडी माणसांनी व सामानाने भरलेली, इंजिनावर भार अधिक आणि वेग कमी असल्याने रेडिएटरला मिळणारा वारा अपुरा, अशी ही स्थिती असते. अशा वेळी चालकाला वेळीच सावध करते ते तापमापकाचे मीटर. अनेक छोट्या मोटारींत आता काट्याऐवजी केवळ लाल दिवा असतो आणि तो इंजिन धोक्याच्या पातळीला पोहोचल्यावरच लागतो. त्यामुळे घाटरस्त्यांवर नेहमी प्रवास करणारे काही जण स्वतंत्र मीटर बसवून घेतात.

काटा काय मोजतो?

मीटर इंजिनाच्या धातूचे नव्हे, तर त्यातून फिरणाऱ्या पाण्याचे, म्हणजेच कूलंटचे तापमान दाखवते. विजेवर चालणाऱ्या मीटरचा सेंडर कूलंटमध्ये बुडालेला असतो. तापमान वाढले की त्याचा विद्युतरोध घटतो आणि काटा पुढे सरकतो. जुन्या पद्धतीच्या यांत्रिक मीटरमध्ये वायरऐवजी बारीक नळी असते. तिच्यातील द्रवाच्या वाफेचा दाब काटा हलवतो. ही नळी दुमडली वा तुटली की मीटर निकामी होते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत लोकप्रिय झालेला ‘बॉयस मोटोमीटर’ तर थेट रेडिएटरच्या झाकणावर बसवला जाई आणि चालक समोरच्या काचेतून तो पाही.

जागा आणि जोडणी

सेंडर इंजिनाकडून रेडिएटरकडे जाणाऱ्या गरम पाण्याच्या वाटेवर हवा. इंजिनात मोकळे छिद्र नसल्यास रेडिएटरचा वरचा होज पाइप कापून त्यात धातूचा जोड बसवतात आणि सेंडर त्या जोडात आवळतात. मात्र थर्मोस्टॅट त्याच्या आधी असल्यास तो उघडेपर्यंत हा काटा खालीच राहतो.

एका वायरच्या सेंडरला अर्थिंग त्याच्या धातूच्या अंगातून मिळते. रबरी होजमधील जोडाचा गाडीच्या धातूशी संबंध येत नसल्याने त्यापासून स्वतंत्र अर्थ वायर घ्यावी लागते. आट्यांवर टेफलॉन टेप जास्त गुंडाळल्यासही हा संपर्क तुटू शकतो. मीटरला विजेचा पुरवठा फ्यूजमधून आणि किल्ली फिरवल्यावरच सुरू होईल असा द्यावा. सेंडर व मीटर एकाच जोडीचे असावेत, अन्यथा आकडे चुकतात.

हे काम इंजिन पूर्ण थंड असतानाच करावे. काम झाल्यावर कूलंट भरून पाइपांतील हवा काढणे आवश्यक असते. बसवण्यापूर्वी मीटर तपासायचे झाल्यास सेंडर उकळत्या पाण्यात धरून पाहता येतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवरील छत्रपती संभाजीनगरात पाणी सुमारे ९८ अंशांनाच उकळते, हे मात्र ध्यानात ठेवावे.

नव्या गाडीच्या वायरिंगला हात लावल्यास वॉरंटीचा प्रश्न उद्भवू शकतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांच्या मोटारींत निदानासाठीचे ओबीडी सॉकेट असते. त्यात लावायच्या छोट्या उपकरणावर कूलंटचे तापमान अंशांत वाचता येते व होज कापावा लागत नाही.

काटा कसा वाचावा?

बहुतेक मोटारींत ८५ ते १०५ अंश हे तापमान सामान्य मानले जाते. दाब धरून ठेवणाऱ्या झाकणामुळे व कूलंटमुळे द्रव १०० अंशांना उकळत नाही. एकाच आकड्यापेक्षा काट्याची चाल महत्त्वाची असते. रोजच्या जागेवरून तो सतत वर सरकू लागला, तर एसी बंद करावा, खालचा गिअर टाकावा आणि सुरक्षित जागा पाहून थांबावे. गरम इंजिनाचे झाकण कदापि उघडू नये. उसळणारी वाफ व पाणी गंभीर भाजू शकते.

सर्वांत फसवा असतो तो अचानक खाली आलेला काटा. होज फुटून पाणी वाहून गेले, तर सेंडर कोरडा पडतो आणि इंजिन तापत असतानाही मीटर थंड दाखवू शकते. अशा स्थितीत गाडी रेटल्यास हेड वाकून गॅस्केट जाते आणि शेकड्यातील दुरुस्ती हजारोंवर जाते.

तापण्याचा प्रश्न केवळ उन्हाळ्याचा नाही. बर्फावर धावणाऱ्या, पाण्याने थंड होणाऱ्या स्नोमोबाइलमध्ये पट्ट्याने उडवलेला बर्फच उष्णता शोषतो. टणक बर्फावर किंवा विरळ थरावर तो पुरेसा उडत नाही आणि शून्याखालच्या हवेतही इंजिन तापते. त्यामुळे तेथेही मीटर बसवले जाते. हवामान कोणतेही असो, घाटाच्या पायथ्याशी कूलंटची पातळी पाहून निघावे आणि चढावर अधूनमधून नजर काट्याकडे वळवावी, हेच हिताचे.