गाववाल्यांची खोली

कोकणातून बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरलेलं अठरा-वीस वर्षांचं पोर मुंबईच्या गिरणगावात बाप्या व्हायचं ते गाववाल्यांच्या खोलीत. 1856 साली ताडदेवला कावसजी दावरांची कापडगिरणी सुरू झाली, आणि गिरण्या वाढल्या तशा या खोल्याही. मी लालबागच्या खोलीत राहिलो. रातपाळीवाला उठला की त्याच्या जागेवर दिवसपाळीवाला वळकटी पसरायचा. स्वतःची म्हणून जागा एकच, पत्र्याची ट्रंक. घरी मनीऑर्डर धाडली नाही तर थोरली माणसं सगळ्यांदेखत जाब विचारत. जाच वाटायचा, खोटं कशाला बोलू! पण बदलीवाल्याला, म्हणजे दुसऱ्याच्या जागी काम मिळेल तसं करणाऱ्याला, काम लागलं नाही तरी खाणावळवाली मावशी पैशांसाठी पगारापर्यंत थांबायची. अशाच मावशांसाठी 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं.

मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन तरुणपणाची कसोटी सांगतो: जवळीक की एकटेपणा. आमच्या खोलीत एकटं राहायला जागाच नव्हती. आणि बायको गावी, भेट गणपतीला नाहीतर शिमग्याला. त्या खोलीने आम्हाला जबाबदारी शिकवली, संसार नाही. तो शिकायला पुष्कळांना म्हातारपणी गावी परतावं लागलं.