वेणी, वपन आणि जट

मराठीत 'वेणी' या शब्दाला दोन अर्थ आहेत. केसांचे पेड गुंफून घालतात ती वेणी आणि त्यावर माळतात ती फुलांचीही वेणीच. आमच्या गोव्यात बाजारात "एक वेणी द्या हो" म्हटले की फुलकारीण अबोलीची किंवा शेवंतीची वेणी केळीच्या पानात बांधून देते. घरी मात्र "इकडे बस, वेणी घालते" म्हटले की फणी आणि तेलाची बाटली बाहेर येते. गंगा, यमुना आणि गुप्त सरस्वती यांच्या संगमालाही आपल्या पूर्वजांनी 'त्रिवेणी' म्हटले. तीन प्रवाह एकत्र येताना पाहून त्यांना बाईच्या पाठीवरची त्रिपेडी वेणी आठवली, यावरून ही गोष्ट किती जुनी आणि किती घरगुती आहे ते लक्षात येईल.

वेणीवर लिहायचे म्हटले की साधारणपणे सौंदर्याबद्दल लिहिले जाते. मलाही ते लिहायचे आहेच. पण इतिहास चाळताना मला सारखे जाणवत राहिले की बाईचे केस तीन अवस्थांत दिसतात. गुंफलेले, काढून टाकलेले आणि मुद्दाम गुंतू दिलेले. वेणी, वपन आणि जट. केस तेच, प्रश्न एवढाच की फणी कोणाच्या हातात होती?

आधी वेणीचे पाहू. अमरकोशात वेणी, प्रवेणी, कबरी, धम्मिल्ल असे केशरचनेचे वेगवेगळे शब्द आहेत. एखाद्या गोष्टीला इतके शब्द असतात तेव्हा ती गोष्ट लोकांच्या रोजच्या नजरेतली असते. पुरावा हवा असेल तर थेट इटलीत जावे लागेल. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली पाँपेई हे शहर गाडले गेले. तिथे १९३८ साली उत्खननात हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. उंची जेमतेम वीतभर. अंगावर दागिने भरपूर आणि मागून पाहिले तर पाठीवर लांब सोडलेली वेणी! याच धाटणीच्या हस्तिदंती मूर्ती आपल्या महाराष्ट्रात तेर आणि भोकरदन येथे सापडल्या आहेत. तेर आज धाराशिव जिल्ह्यात आहे आणि भोकरदन जालन्यात. सातवाहनांच्या काळात ही दोन्ही व्यापाराची भरभराटीची गावे होती. म्हणजे जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याकडची केशरचना समुद्र ओलांडून रोमन घरात जाऊन पोहोचली होती.

संस्कृत साहित्यात मात्र वेणी ही नुसती शोभेची वस्तू नाही, ती बाईची स्थिती सांगते. नवरा दूर असलेल्या स्त्रीने केस सजवायचे नाहीत, फुले माळायची नाहीत, एकच साधी वेणी बांधून राहायचे. तिला 'एकवेणी' म्हणत. अशोकवनातली सीता एकवेणी आहे. शेवटच्या अंकातली शकुंतला एकवेणी आहे. मेघदूतातल्या यक्षपत्नीने विरहाच्या पहिल्या दिवशी बांधलेली वेणी शाप संपल्यावर यक्षानेच सोडायची आहे. सुंदरकांडात तर निराश झालेली सीता आपल्याच वेणीचा फास करून प्राण द्यायचा विचार करते. या सगळ्या ठिकाणी वेणी बांधते ती बाई, पण ती कशासाठी बांधायची आणि कधी सोडायची हे नवऱ्याच्या असण्या-नसण्यावर ठरते.

द्रौपदीची गोष्ट आपल्याला ठाऊक आहेच. भट्टनारायणाच्या 'वेणीसंहार' नाटकात भीम दुर्योधनाच्या रक्ताने माखलेल्या हातांनी तिचे मोकळे केस बांधतो. व्यासांच्या महाभारतात हा प्रसंग या रूपात नाही, तरी लोकांच्या मनात तोच ठसला. प्रयागला वेणीदानाचा विधी आहे तो याच्या अगदी उलट, हळुवार. महाराष्ट्रातून, कर्नाटकातून, आंध्रातून गेलेली जोडपी तो करतात. नवरा बायकोची वेणी घालतो, टोकाचे थोडे केस कापून ते संगमात सोडतो. एरवी जन्मात कधी बायकोच्या केसांना फणी न लावलेला गृहस्थ तिथे घाटावर बसून तीन पेड हाताळताना गोंधळून जातो, असे यात्रेला जाऊन आलेल्या बायका हसत हसत सांगतात.

आता थोडे प्रकारांविषयी, कारण वेणी घालणे ही कला आहे आणि ती हाताने शिकायची असते. रोजची वेणी त्रिपेडी. कडेचा पेड मधल्यावर आणायचा, मग दुसऱ्या कडेचा मधल्यावर, एवढेच गणित. पाचपेडीत कडेचा पेड एकावरून आणि एकाखालून असा मधोमध विणत न्यायचा, की वेणी चटईसारखी रुंद आणि चपटी होते. लग्नसमारंभाला ती शोभते, कारण तिच्यावर फुले नीट बसतात. खजुरी वेणीत केसांचे भाग दोनच. प्रत्येक भागाच्या बाहेरच्या कडेची बारीक बट काढून दुसऱ्या भागात आतल्या बाजूने मिसळत राहायचे. सागरवेणी कपाळाजवळून सुरू होते आणि प्रत्येक वळणाला बाजूची नवी बट पेडात घेत खाली उतरते. फुगडीला, खेळाला किंवा दिवसभराच्या कामाला तीच बरी, एकही केस डोळ्यांवर येत नाही. केस विरळ असतील तर गंगावन लावायचे, शेवटाला गोंडा. आणि वेणी घालायची नसेल तर अंबाडा किंवा खोपा. सुगरण पक्ष्याच्या घरट्यालाही आपण खोपाच म्हणतो, हे विसरू नये.

प्रसंगानुसार थाट वाढत जातो. नवरीच्या डोक्यावर मूद आणि राखडी. डोहाळजेवणाला फुलांची वाडी भरायची, म्हणजे पाठीवरची सगळी वेणी फुलांनी झाकून टाकायची. बेळगावकडे गेलात तर कानडी घरांतली 'मोग्गिन जडे' दिसेल. मोगऱ्याच्या न उमललेल्या कळ्या ओळीने वेणीवर बसवतात, संध्याकाळ होते तशा त्या उमलत जातात. त्या भागातल्या मराठी घरांनीही ती हौस आपलीशी केली आहे.

गोव्यात मान फुलांचा. म्हार्दोळच्या जाया प्रसिद्ध. तिथल्या म्हाळसेला जायांची पूजा बांधतात, आणि ही फुले गुंफणारा फुलकार समाज पिढ्यान् पिढ्या ते काम करत आला आहे. कोकणीत अशा गुंफलेल्या फुलांना 'फाती' म्हणतात. केळीच्या सोपाचा धागा भिजवून मऊ करायचा, दोन-दोन फुले समोरासमोर ठेवायची आणि धाग्याचा वेढा देत पुढे जायचे. सुई लागत नाही. अबोलीला वास नाही, पण ती लवकर कोमेजत नाही, म्हणून तिच्या जोडीला मरवा किंवा जाई. धर्म बदलला तरी ही हौस सुटली नाही. मांडो नाचणाऱ्या ख्रिस्ती स्त्रियांच्या अंबाड्यावर दांतोणी आणि फुले असतातच.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. केसांवर नजर फक्त घरातल्यांची नसते, सत्तेचीही असते. पोर्तुगीजांनी १७०४ साली गोव्यातल्या हिंदूंवर शेंडीकर बसवला आणि तो १८४० पर्यंत चालला. डोक्यावरची एक बट ठेवायची तर सरकारला पैसे मोजायचे! शेंडीकराविषयी आपण आजही चिडून बोलतो आणि ते योग्यच आहे. पण याच काळात आपल्याच घरांत बायकांच्या डोक्यावरचे सगळे केस उतरवले जात होते, त्याबद्दल मात्र आपला आवाज खाली येतो.

माझ्या लहानपणी, म्हणजे साठीच्या दशकात, आमच्या घरात पणजीची धाकटी बहीण राहायची. लाल आलवण, डोक्यावरून पदर. मी शाळेत जाण्याआधी सोप्यावर बसायची आणि आई माझ्या दोन वेण्या घालून लाल रिबिनी बांधायची. आज्जी समोर भिंतीला टेकून तांदूळ निवडत ते बघत असायची. एकदा आईला ताप होता म्हणून मी तिच्याकडे फणी घेऊन गेले. तिने माझी वेणी इतकी सुरेख घातली की दिवसभर एक केस हलला नाही. "तुला कुणी शिकवली?" मी विचारले. ती म्हणाली, "अगो, शिकवायला कशाला हवी? मला होते की केस. बाराव्या वर्षापर्यंत होते." एवढेच बोलून ती पुन्हा तांदूळ निवडू लागली.

ही प्रथा सगळ्या समाजात नव्हती. अनेक जातींत विधवेचा पाट लागत असे. ब्राह्मण आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या काही समाजांत ती कडक होती. मराठीत तर विधवांचे 'सकेशा' आणि 'विकेशा' असे दोन वर्गच पडले होते. याचे समर्थन कसे केले जाई पाहा. स्कंदपुराणाच्या काशीखंडात असे सांगितले आहे की विधवेने केस बांधले तर त्याने परलोकी नवरा बांधला जातो. म्हणजे नवरा जिवंत असताना वेणी त्याच्यासाठी, आणि तो गेल्यावर वपनही त्याच्यासाठीच.

या प्रथेवर एक मोठा घाव घातला तो ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा भरली आणि विधवांचे केशवपन करायचे नाही असा निर्धार त्यांनी केला. कामगार चळवळीचे नेते म्हणून लोखंड्यांना आपण ओळखतो, पण हे कामही तितकेच मोठे. त्याच्या आदल्याच वर्षी, १८८९ मध्ये, पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडले. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. १८९३ मध्ये त्यांनी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि त्या आनंदीबाई झाल्या. त्यांची बहीण पार्वतीबाई आठवले यांनी पुनर्विवाह केला नाही. त्या कर्व्यांच्या संस्थेसाठी गावोगाव वर्गणी मागत फिरल्या, अमेरिकेपर्यंत गेल्या. बरीच वर्षे विकेशा राहिल्यावर त्यांनी वपन सोडून केस वाढवले. आपले आयुष्य त्यांनी 'माझी कहाणी' या पुस्तकात लिहिले आहे. डोक्यावर केस येऊ देणे ही आज आपल्याला सांगण्यासारखी गोष्टही वाटणार नाही. त्यांच्यासाठी ते चारचौघांत उभे राहून घेतलेले पाऊल होते.

तिसरी अवस्था जटेची. बेळगाव जिल्ह्यात सौंदत्तीला यल्लम्मादेवीचे मोठे ठाणे आहे. महाराष्ट्रातून, कर्नाटकातून, गोव्यातूनही भाविक जातात. केस बरेच दिवस धुतले-विंचरले नाहीत की ते एकमेकांत गुंततात, त्यात तेल, धूळ, हळद-कुंकू बसते आणि त्यांचा कडक दोर होतो. हे साधे कारण. पण एखाद्या गरीब घरातल्या मुलीच्या डोक्यात अशी गुंतवळ दिसली की 'देवीचे बोलावणे आले' असे म्हणत, आणि त्यातून कित्येक मुली देवदासी म्हणून सोडल्या गेल्या. कर्नाटकाने १९८२ साली देवदासी सोडण्याविरुद्ध कायदा केला, महाराष्ट्राचा कायदा २००५ चा. जट मात्र कायद्याने निघत नाही. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते घरोघरी जाऊन समजूत घालतात, घरच्यांची भीती घालवतात आणि मग कात्री लावतात. जट निघाल्यावर मान हलकी होते, झोप लागते आणि कित्येक वर्षांनी डोक्याला पाण्याचा स्पर्श होतो.

वपन आणि जट या दिसायला विरुद्ध गोष्टी. एकीत सगळे केस काढायचे, दुसरीत एकही काढायचा नाही. पण दोन्हींत बाईच्या हातातली फणी काढून घेतलेली आहे.

हे सारे जुने झाले असे वाटत असेल तर शेवटी एक अलीकडची गोष्ट सांगते. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे आपल्या गावात होणार नाही. एकविसाव्या शतकातही असा ठराव करावा लागतो, आणि एक गाव तो करतेही! आता वपन राहिले नाही. पण हळदीकुंकवाच्या ताटातला गजरा अजूनही काही बायकांना ओलांडून पुढे जातो. आपण सगळ्यांनी ते पाहिलेले आहे.

आज कुणी बॉबकट करते, कुणी सागरवेणी घालते, कुणी पिकलेले केस तसेच मोकळे सोडते. छानच. आपल्या लेकी-नातींच्या वेण्या घालताना त्यांना पाचपेडी जरूर शिकवा, फाती गुंफायलाही शिकवा. आणि पुढच्या हळदीकुंकवाला ताट फिरवताना एकही डोके ओलांडून जाऊ नका. माळायचा की नाही ते जिचे तिला ठरवू द्या.